खिचडी आठवीपर्यंत, दाढदुखी नववीपासून

"काका, दाढेची गोळी द्या ना, काल देल्ली होती तशीच."

दुपारचे पावणेदोन, शाळेची मधली सुट्टी, नववीतली पोरगी, एक गाल सुजलेला आणि ओढणीचं टोक गालाशी दाबून धरलेलं. माझं मेडिकल आहे, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडच्या एका बाजाराच्या गावात, हायस्कूलच्या गेटपासून शंभरेक पावलांवर, त्यामुळे असे गाल मला रोजच दिसतात. मोबाईलचा टॉर्च लावून म्हटलं आ कर बघू. खालची मागची दाढ, मधोमध खड्डा, आणि खड्ड्यात पिवळा भुगा अडकलेला, आत्ताच खाल्लेल्या तिखट कुरकुऱ्यांच्या पुड्याचा. आणि मी काय विचारलं असेल? जे सगळे विचारतात तेच. "दात घासत नाही का वं?"

"घासतो ना काका, रोज घासतो."

आणि ती खरंच घासत असेल, का नाही घासणार, आजकाल कोणत्या घरात पेस्टची ट्यूब नाही, कोलामांच्या पोडावर, बंजाऱ्यांच्या तांड्यावर सगळीकडे पाच-दहा रुपयाची छोटी ट्यूब जातेच, मीच विकतो. माझा प्रश्न चुकला होता. मी विचारायला पाहिजे होतं की सकाळपासून काय जेवली. नंतर विचारलं तर म्हणाली सकाळी चहा-टोस्ट, मग हा पुडा. बस. पावणेदोन वाजले होते आणि पोरगी घरून निघाली होती साडेआठला.

तर मला जे म्हणायचंय ते आधीच सांगून टाकतो, मग शिव्या घाला. आपल्याकडच्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचे दात ब्रशच्या आळसामुळे कमी आणि दुपारच्या उपाशीपोटामुळे जास्त जात आहेत, आणि त्यावर टूथपेस्ट वाटप, दात घासण्याचं प्रात्यक्षिक, घोषवाक्य स्पर्धा असं काही करण्यापेक्षा नववी ते बारावीच्या पोरांना शाळेत दुपारचं जेवण द्या. खिचडीच द्या. पण द्या.

आता खिचडीचा आणि दाढेचा काय संबंध, तर दात कसा किडतो ते आधी बघावं लागेल. आपल्याकडे अजूनही दातात किडा असतो असं लोक मानतात, बाजारात नळी लावून किडे काढून दाखवणाऱ्या बाया यायच्या, माझ्या आजीने चार आणे देऊन दोन किडे काढून घेतलेले, आणि दाढ दुसऱ्या दिवशी परत दुखायला लागली ते वेगळं. किडा वगैरे काही नसतो. तोंडात जंतू असतात, सगळ्यांच्याच असतात, आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की ते त्याच्यावर जेवतात आणि ऍसिड सोडतात. खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ५.५ च्या खाली जातो आणि तिथून दाताच्या वरच्या थरातला चुना, म्हणजे कॅल्शियम, सुटायला लागतो. मग लाळ कामाला लागते, ऍसिड मारते, सुटलेला चुना थोडाथोडा परत बसवते, याला अर्धा तास ते तासभर लागतो. म्हणजे प्रत्येक खाण्यामागे दातावर अर्धा-एक तासाचा हल्ला आणि मग डागडुजी. दिवसातून तीन वेळा पोटभर जेवणाऱ्याचे हल्ले तीनच, मधे भरपूर सुट्टी. दिवसभर जरा-जरा चरणाऱ्याची डागडुजी कधी पूर्णच होत नाही, लाळ बिचारी एक खड्डा भरेपर्यंत वरून दुसरा पुडा येतो.

म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त भारी पडतं. स्वीडनमध्ये १९४५ ते १९५३ या काळात विपेहोल्म नावाच्या मतिमंदांच्या संस्थेत हा प्रयोग केला गेला, आणि अतिशय निर्दयपणे केला गेला, ज्यांना हो-नाही म्हणता येत नव्हतं अशा माणसांना मुद्दाम चिकट टॉफ्या खाऊ घालून त्यांचे दात सडवले, आज कोणी असं केलं तर जेलात जाईल. पण त्यातून जे दिसलं ते दिसलंच, जेवणासोबत गोड घेणाऱ्यांचे दात त्या मानाने कमी किडले आणि दोन जेवणांच्या मधे चिकट गोड खाणाऱ्यांचे धडाधड गेले.

मी माझ्याच घरात हा हिशेब करून पाहिला. पोरगा दहावीत आहे, त्याला म्हटलं एक दिवस तोंडात जे जाईल ते वहीच्या मागच्या पानावर लिही, खोटं लिहू नको, रागावणार नाही. संध्याकाळी वही पाहिली तर सकाळी चहा-बिस्कीट, शाळेत जाताना एक चॉकलेट, पहिल्या तासानंतर मित्राच्या पुड्यातले चार दाणे (हे त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'चार दाने'), मधल्या सुट्टीत आलुबोंडा आणि वर पेप्सी, पेप्सी म्हणजे ती प्लास्टिकच्या नळीतली बर्फाची, मग परत एक पुडा, शाळा सुटल्यावर क्रीमचं बिस्कीट, ट्यूशनला जाताना आणखी काहीतरी ज्याचं नाव मला वाचता आलं नाही, घरी आल्यावर चहा, आणि रात्री जेवण. नऊ वेळा. आणि हा मेडिकलवाल्याचा पोरगा, घर शाळेपासून पाच मिनिटांवर. डबा नेत नाही कारण "डबा लहान पोरं नेतात."

एक गैरसमज इथेच मोडून टाकतो. पुडा तिखट असतो, गोड थोडीच आहे, असं आई-बाप म्हणतात. मका-तांदळाच्या पिठाचे फुलवलेले तुकडे ते, दाताखाली गेले की त्यांचा लगदा होतो, दाढेच्या खाचेत सिमेंटसारखा बसतो, आणि लाळेतच त्या पिठाची साखर व्हायला सुरुवात होते. गोळी चघळून संपते तरी, हा लगदा तिथेच बसून राहतो. गुळाचंही तेच. गूळ नैसर्गिक आहे, लोह आहे वगैरे सगळं ठीक, पण दाताच्या दृष्टीने गूळ म्हणजे चिकट साखर, जंतूला त्यातला फरक कळत नाही. आणि थंड्याच्या बाटल्या तर दुहेरी काम करतात. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास, म्हणजे जंतूंनी ऍसिड करायची वाटच पाहायला नको, बाटलीतूनच येतं, आणि वर १०० मिलीला साधारण १० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत आणली तर आणखी चांगलं, आणि ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. पाव लिटरची एक बाटली पोरगा बसस्टँडवर घोट-घोट करत तासभर पुरवतो, तेवढ्यात त्याचे सहा चमचे संपले.

जुनं ते सोनं असंही मला म्हणायचं नाही, नाहीतर लगेच कोणीतरी लिहील की आमच्या आजोबांनी बाभळीच्या काडीनं दात घासले आणि नव्वदीत ऊस खाल्ला. माझी आजी भाकर-चूनच (चून म्हणजे पिठलं) खायची, पण तिच्या तोंडात पन्नाशीत सहा दात उरले होते, कारण तंबाखूची मिश्री लावायची. भाकरीत एवढंच आहे की ती चावावी लागते, चावली की लाळ सुटते, आणि पोट भरतं म्हणून पुढचे चार तास तोंड बंद राहतं. दाताला हवं आहे ते हे बंद तोंड.

आणि तोंड बंद राहत नाही कारण पोटात काही नाही. हे शहरातल्या डॉक्टरांना सांगून पटत नाही. इथली शाळा अकरा ते पाच. आजूबाजूच्या गावांतल्या पोरी मानव विकास योजनेच्या, पोरींसाठीच्या बसने येतात, ती बस सकाळी एकदा येणार म्हणजे येणार, चुकली तर दिवस गेला, म्हणून साडेआठ-नऊलाच रस्त्यावर उभ्या. दिवाळीनंतर कापूस वेचणीचे दिवस लागले की माय सकाळी सातलाच वावरात, वेचाई किलोवर मिळते, जितकी लवकर जाईल तितके चार पैसे जास्त. ती रात्रीचं उरलेलं झाकून ठेवते आणि पोरीच्या हातात दहा रुपये ठेवते. त्यात मायचा काही दोष मला तरी दिसत नाही. दहा रुपयात दुकानात काय मिळतं? पाचचे दोन पुडे. केळीवाला बाजाराच्या दिवशीच येतो. फुटाणे-शेंगदाणे मिळायचे, आता किराणावाला ठेवत नाही, म्हणतो खपत नाही, पुड्यांची माळ टांगायला कंपनीचा माणूस येतो, फुटाण्याची माळ टांगायला कोण येणार.

आता शाळेच्या कंपाऊंडमधलं बघा. आमच्याकडे पाचवी ते दहावी एकाच आवारात आहे. मधली सुट्टी झाली की पाचवी ते आठवीची पोरं ताटल्या घेऊन लायनीत बसतात, शालेय पोषण आहाराची खिचडी. आणि नववी-दहावीची पोरं त्यांच्या बाजूने गेटकडे चालत जातात. त्याच आवारात, तीच पोरं, मागच्या वर्षी लायनीत होती, उन्हाळ्यात एक वर्ग वर गेली आणि सरकारच्या लेखी त्यांची भूक संपली. खिचडी शिजवणारी मावशी चांगली बाई आहे, खिचडीचा गंज (पातेलं) खरवडून शेवटी दोन-चार पोरींना देते, "या वं, हिसाबात नाही पण पोटात त जाईल." पण सोळा वर्षांचं पोट्टं भांड्याच्या तळाची खिचडी मागायला जाईल का? नाही जाणार. ते गेटबाहेर जाणार, पाच रुपयाचा पुडा दातांनी फाडणार आणि भिंतीला टेकून उभं राहणार. गेली कित्येक वर्षं मी काउंटरवरून हे पाहतोय, आठवीतली पोरं दुपारी माझ्याकडे फारशी येत नाहीत, नववीतली येतात.

इथे कोणी हुशार वाचक म्हणेल की दाढ काय एका वर्षात सडते का, नववीत दुखली म्हणजे किडायला आधीच लागली असेल. बरोबर आहे. बहुतेक वेळा दुखणारी दाढ ही सहाव्या वर्षी आलेली असते, ती पहिलीपासूनच्या चॉकलेटांचा हिशेब देत असते, तिला खिचडी वाचवू शकणार नाही. मी बोलतोय तिच्या मागच्या दाढेबद्दल, जी बाराव्या वर्षाच्या आसपास येते. नवीन आलेला दात कच्चा असतो, त्याचा वरचा थर पक्का व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि आपण नेमकी तीच वर्षं पुड्यांवर काढतो. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली होती, त्यात १२ वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांचे दात किडलेले निघाले आणि १५ वर्षांच्या ६३.१ टक्के. वीस वर्षांपूर्वीचे आकडे आहेत हे. तेव्हा आमच्या गावात पुड्यांची माळ टांगलेलं एक दुकान होतं, आज मोजली तर अकरा आहेत.

पैसा कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. सहावी ते आठवीच्या पोराला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ आणि शिजवायला, डाळ-तेल-भाजीला मिळून दहा रुपयांच्या आसपास, असा सध्याचा हिशेब आहे. दहा रुपये! जे माय सकाळी हातावर ठेवते तेच दहा रुपये. म्हणजे पैसा खर्च होतोच आहे, सरकारचा होत नाही एवढंच, मजुरी करणाऱ्या बाईचा होतो आणि जातो पुड्याच्या कंपनीला. आणि हे काही अशक्य वगैरे नाही. तामिळनाडूत दहावीपर्यंत दुपारचं जेवण आहे, कर्नाटकात आहे, आणि लांब कशाला जाता, इथून खाली पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा, तिथेही नववी-दहावीला जेवण मिळतं, राज्य स्वतःच्या खर्चाने देतं. नदीच्या पलीकडच्या पोराला सोळाव्या वर्षी भूक लागते आणि अलीकडच्याला लागत नाही असं काही असेल तर ते मुंबईत बसलेल्यांनी समजावून सांगावं.

जेवण दिलं तरी पोरं पुडे खाणारच, असं शाळेतले एक सर मला म्हणाले. खाणारच, मला मान्य आहे, माझाही खाईल. पण भरल्या पोटी एक पुडा आणि रिकाम्या पोटी तीन यात दाताला फार फरक पडतो, आणि जेवणानंतर लगेच खाल्लेलं गोड त्याच हल्ल्यात मोजलं जातं, नवीन हल्ला सुरू होत नाही. शिवाय नियम आहेतच ना. एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचे, २०२० चे नियम आहेत, जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत. आमच्या गेटसमोरचं दुकान वीस पावलांवर आहे. त्याला उठवा असं मी म्हणणार नाही, त्याचंही पोट आहे, आणि उठवलं तर तो एक्कावन्नाव्या मीटरला बसेल. जेवायला न देता दुकान हटवणं म्हणजे फक्त पोरांना जास्त चालायला लावणं.

पण पानठेल्याबाबत मी इतका उदार नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी, राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी, अल्पवयीन पोराला तंबाखू देणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्यात गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षा. आणि आमच्याकडे खर्रा घोटण्याचा आवाज शाळेच्या प्रार्थनेत ऐकू येतो, पन्नीवर सुपारी-तंबाखू-चुना टाकून तळहाताने खर्र-खर्र. पोरं आधी गोड सुपारीच्या एक रुपयाच्या पुडीवर येतात, तिच्यात तंबाखू नाही म्हणून घरचेही काही बोलत नाहीत, पण कर्करोगाला सुपारी एकटीच पुरते, तिला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तंबाखूच्या रांगेत बसवलंय. तोंडातली कातडी आवळत जाते, आ होत नाही, मिरची झोंबते. एकोणीस-वीसचं पोट्टं तीन बोटं तोंडात घालू शकत नाही असं मी पाहिलंय. एकाला विचारलं काऊन खातं बे, तर म्हणाला, "काका, खर्रा टाकला की भूक नाई लागत, पाच वाजेपर्यंत टाइम पास होते." ही पण भूकच निघाली.

आणखी एक, जरा वेगळं आहे पण आमच्या भागात सांगितलंच पाहिजे. इथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर. लहानपणी, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, दात हिरडीच्या आत घडत असताना हे पाणी पोटात गेलं की पक्के दात पिवळे-तपकिरी पट्ट्यांचे येतात, कधी खड्डे पडलेले. ते किडलेले नसतात आणि घाणही नसते, कितीही घासा जाणार नाहीत. तरी वर्गात अशा पोराला उभं करून "दात घासत नाही का" म्हणणारे लोक आहेत. पोरगी मग हसताना तोंडावर हात ठेवायला शिकते आणि तो हात लग्नाच्या फोटोतही तिथेच असतो. यावर उपाय पाण्याचा आहे, ब्रशचा नाही.

इलाजाचं फार लिहीत नाही कारण लिहिण्यासारखं कमी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या पोरांची तपासणी, यादीत दातांची कीडही आहे, टीम शाळेत येते, तोंडात बघते, चिठ्ठी देते, आणि ती चिठ्ठी दप्तरात चुरगळते, कारण चिठ्ठी घेऊन जायचं म्हणजे मायची एक मजुरी बुडवायची. खड्डा लहान असताना भरला तर थोडक्यात काम भागतं. पोर माझ्याकडे येतं तेव्हा खड्डा दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडलेला असतो, गोळीने दुखणं थांबतं, खड्डा थांबत नाही. मग खाजगीत रूट कॅनॉल आणि वर कॅप मिळून पाच-सात हजार सांगतात, नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय इथून दीडशे किलोमीटर आणि दोन-तीन चकरा, म्हणून शेवटी सगळे एकच वाक्य म्हणतात, "काढून टाका डॉक्टर." ओढणीवाल्या त्या पोरीची दाढ काढली. पंधराव्या वर्षी. आता ती पुढची साठ वर्षं एका बाजूने चावेल.

हे सगळं मी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत बोललो, म्हटलं ठराव घ्या, नववी-दहावीलाही शाळेत जेवण मिळावं म्हणून जिल्हा परिषदेला पाठवा. दोन-चार जण माना डोलवत होते. तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला, म्हणाला, "बाप्पा, हे सारं खरं हाय, पन तुह्या काउंटरवरची चॉकलेटाची बरणी कोनाची हाय? मले दोन रुपये वापस द्याच्या टाइमाले तू दोन चॉकलेटच देते." सगळी सभा हसली. मीही हसलो, काय करणार. आता मी गेटपासून पन्नास मीटरच्या बाहेर आहे म्हणजे नियमातून सुटलेला आहे, पण म्हाताऱ्याला मीटर थोडेच सांगता येतात.

ठराव झाला, सह्या झाल्या, कागद वर गेला, त्याचं काय झालं ते अजून कळलं नाही. बरणी मात्र त्याच संध्याकाळी काढली. तेव्हापासून सुट्ट्या पैशांची बोंब आहे, गावात कोणाकडे एक-दोन रुपयांची चिल्लर पडून असेल तर घेऊन या, शंभराला शंभर देतो.